मदत हवी आहे : पक्षीनिरीक्षणासाठी ८×४२ दुर्बीण, निकॉन पी३ की एम५?

नमस्कार मंडळी. दुर्बीण भिगवणच्या पाणथळीवर आणि आंबोलीच्या पावसाळी रानात, दोन्हीकडे वापरायची आहे. १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) बाद केली. हाताची थरथर त्यात जास्त जाणवते, शिवाय ४२ ला १० ने भागलं की डोळ्यात येणारा प्रकाशझोत ४.२ मिमीच उरतो. ८×४२ मध्ये तोच ५.२५. पहाटे दाट झाडीत हा फरक फार मोलाचा.

अडलंय ते निकॉनच्या दोन मॉडेलांत. प्रोस्टाफ पी३ चं दृष्टिक्षेत्र ७.२ अंश, म्हणजे फांद्यांत उड्या मारणारा वटवट्या पटकन सापडेल, पण काच ईडी (कडेची रंगीत किनार कमी करणारी) नाही. मोनार्क एम५ मध्ये ईडी काच आणि प्रिझमवर फेज कोटिंग (चित्र अधिक रेखीव करणारा लेप) आहे, क्षेत्र मात्र ६.४ अंश, आणि बजेट बरंच ताणावं लागेल. उजळ आभाळावर घार किंवा शिक्रा बघताना पी३ मध्ये कडेला जांभळी-हिरवी किनार कितपत दिसते? पिसांचा रंग ओळखताना अडचण येते का?

चष्मा असल्यामुळे आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसेल असं डोळा आणि भिंग यांतलं अंतर) किमान १६ मिमी हवा. आत बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन वायू भरलेली नसेल तर कोकणातल्या दमटपणात भिंगांना बुरशी धरते, त्यामुळे तशी नकोच.

दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा.