घरासाठी कॉफी मशीन: २५ हजारांत काय घ्यावं? सासूबाईंची फिल्टर कॉफीही सांभाळायची आहे

सकाळची_लोकल:

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की मी कॉफी मशिनांचे व्हिडिओ बघत बसते. जितकं बघावं तितकं डोकं भंजाळतंय, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात कॉफी पिणारे तिघं आणि तिघांच्या तीन तऱ्हा. मला सव्वासहाच्या लोकलआधी मोठा कपभर दुधाची कॉफी लागते, चांगली कडक. नवरा घरून काम करतो, त्याला काळी, बिनसाखरेची, दिवसातून दोनदा. सासूबाईंचं माहेर माटुंग्याचं, शेजारपाजार सगळा तमिळ, त्यामुळे त्यांची पितळी फिल्टरची कॉफी लग्नाआधीपासूनची. पावडर अजूनही माटुंग्याहूनच येते, ७०:३० ची, म्हणजे सत्तर भाग कॉफी आणि तीस भाग चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड).

मशीनचं खरं कारण त्याच आहेत. गेल्या वर्षी त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड पूर्वीसारखी राहिली नाही. फिल्टरचं वरचं भांडं तापलं की खालच्याला घट्ट धरून बसतं. त्या कधी बोलून दाखवत नाहीत. परवा मी ओट्याशीच होते. पदराने धरून भांडं पिळत होत्या, ते एकदम सुटलं आणि निम्मं डिकॉक्शन, म्हणजे उतरलेला कॉफीचा अर्क, ओट्यावर, निम्मं हातावर. नळाखाली हात धरून मला म्हणाल्या, "राहू दे गं, आज चहाच घेते." त्यांनी सकाळी चहा घेतलेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

बोनसमधले २५ हजार बाजूला काढलेत. प्रश्न असे:

एका खोक्यावर दाब १५ बार लिहिलाय, दुसऱ्यावर २०. जास्त बार म्हणजे जास्त चांगलं का? कॅप्सूलवालं (तयार बंद डब्यांतल्या कॉफीचं) घेऊ की पावडरचं? आईंची चिकोरीवाली पावडर मशीनमध्ये चालेल का, म्हणजे तिघांचं एकातच भागेल? आणि ओट्याजवळ मोठा पॉइंट एकच आहे, त्यावर मायक्रोवेव्ह असतो. छोट्या पॉइंटवर मशीन लावलं तर चालतं का?

कप_बशी:

तुमची सकाळची घाई बघता मी कॅप्सूल म्हणेन. आमच्याकडे दोन वर्षं आहे. बटण दाबलं की मिनिटभरात कप तयार, धुवायचं जवळपास काही नाही. पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच कॉफी असते, त्यामुळे मोठ्या कपात दूध घातलं की ती दबते. मी दोन वापरते. तुमच्या घरात दिवसाला तीन धरल्या तरी महिन्याला नव्वद होतात, तो हिशेब आधी मांडा. चिकोरीचं मला सांगता येणार नाही.

पान्हा_पक्कड:

ताई, मी पुण्यात अकरा वर्षं घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. गेल्या चार-पाच वर्षांत टेबलावर कॉफी मशिनं बरीच येऊ लागली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चिकोरी, कारण तुमचे पैसे तिथेच बुडतील. एस्प्रेसो मशीनमध्ये, म्हणजे दाबाने कॉफी काढणाऱ्या मशीनमध्ये, चिकोरीची पावडर घालू नका. भाजलेल्या कॉफीचा जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात विरघळतो, बाकी चोथा राहतो आणि त्या चोथ्यातून पाणी वाट काढतं. चिकोरीचा बराच मोठा भाग विरघळतो आणि दाबाखाली त्याचा चिकट लगदा होतो. गेल्या जूनमध्ये एक मशीन आलं होतं, चार महिने वापरलेलं, तक्रार एवढीच की पाणी येत नाही. पावडर भरायची जाळी काढून उजेडात धरली तर एक भोक मोकळं नव्हतं. काकवी आटून भांड्याच्या बुडाला लागते ना, तसा काळा, चकचकीत थर. नखाने निघेना, रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी लागली. पंप तोवर रोज त्या बुचाविरुद्ध ढकलत होता, तोही बदलावा लागला. घरातली माणसं साधी होती, मशीन कॉफीचं आहे तर कॉफी घातली, त्यांचं काय चुकलं? दुकानदाराने विकताना एक वाक्य सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. याचा मला अजून राग आहे.

आईंसाठी वेगळी वस्तू घ्या: ड्रिप कॉफी मेकर. प्रीतीसारख्या आपल्या कंपन्यांचे मिळतात, एस्प्रेसो मशीनच्या मानाने अगदी स्वस्त. यात दाब नसतो, गरम पाणी पावडरीवर ठिबकतं, म्हणून चिकोरी चालते. पाणी ओतायचं, बटण दाबायचं, डिकॉक्शन खालच्या जगमध्ये. पिळायचं काही नाही, तापलेलं धरायचं काही नाही. वीजही कमी खातो, छोट्या पॉइंटवर बिनधास्त लावा.

आता बार. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब लागतो. खोक्यावरचे १५ किंवा २० म्हणजे पंपाची जास्तीत जास्त ताकद. तो आकडा बघून मशीन निवडू नका. त्याऐवजी जाळी बघा. स्वस्त मशीनबरोबर बहुतेकदा दुहेरी बुडाची जाळी येते. आत भोकं पुष्कळ, पण बाहेर पडायला एकच बारीक छिद्र. त्यामुळे कॉफी कशीही दळलेली असो, वर फेस येतोच. दिसायला छान, चवीला पोकळ. एकेरी बुडाची जाळी त्या मशीनला मिळते का, हे विचारून घ्या. आणि दुसरं विचारायचं ते रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी गळू न देणारी रिंग. वर्ष-दोन वर्षांत ते कडक होतं आणि कडेने पाणी गळायला लागतं. गॅस्केट सुटं मिळत नसेल तर ते मशीन घेऊ नका, कितीही सवलत असली तरी.

पॉइंटचं: बहुतेक घरगुती एस्प्रेसो मशिनं १३००-१४०० वॅटच्या आसपास असतात. छोटा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट ही त्याची अगदी टोकाची मर्यादा. जुन्या वायरिंगवर रोज तेवढा भार टाकू नका. मोठ्या पॉइंटवरच लावा आणि मायक्रोवेव्ह तेवढा वेळ काढा. मल्टिप्लग लावून दोन्ही एकदम तर कधीच नको.

पाण्याचंही बघा. पालिकेचं नदीचं पाणी त्या मानाने सौम्य, पण इमारतीत टँकर किंवा बोअरचं मिसळत असेल तर आतल्या हीटरवर गिझरच्या कॉइलसारखाच पांढरा थर चढतो. बोअरच्या पाण्यावर चाललेला एक हीटर मी कापून बघितला होता. पेन्सिलएवढी वाट, आत उरली होती सुईएवढी. पुस्तिकेत सांगितलंय तितक्या दिवसांनी क्षार काढायचं औषध फिरवा.

आता जे सांगतो ते दुकानात कोणी सांगणार नाही. सगळ्यात आधी ग्राइंडर घ्या. मशीन नंतर. दळलेल्या कॉफीचा वास पाकीट उघडल्यापासून आठवड्याभरात उडतो, आपल्या पावसाळ्यात त्याहून लवकर. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे दळले तर निम्मे पीठ होतात, निम्मे कण्या राहतात. पिठातून कडूपणा उतरतो, कण्यांतून आंबटपणा, एकाच कपात दोन्ही. हाताने फिरवायचा, आत स्टीलची दाती असलेला ग्राइंडर घ्या. पहाटे साडेपाचला फारसा आवाजही होत नाही.

आणि त्याबरोबर स्टीलचा मोका पॉट, गॅसवर ठेवायचा; खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबाने कॉफीतून वर चढतं. इटलीत १९३३ मध्ये निघालेली आणि पुढे घरोघरी पोचलेली वस्तू आहे. दाब एक-दोन बारच, त्यामुळे ती एस्प्रेसो नव्हे, पण दुधात टिकेल इतकी कडक असते आणि पाणी घालून काळीही होते. तीन महिने यावर काढा. तरी एस्प्रेसोची ओढ राहिली तर उरलेल्या पैशांतून मशीन घ्या, ग्राइंडर वाया जाणार नाही. फक्त आत्ता घेताना तो एस्प्रेसोइतका बारीक दळतो ना, हे बघा.

जयनगर_मुक्काम:

मूळची सोलापूरची, बावीस वर्षं बंगळूरमध्ये. वरच्या दादांचं पटतंय, फक्त काकूंच्या बाजूने दोन शब्द.

ड्रिप मेकरचं डिकॉक्शन त्यांना पहिल्या दिवशी पातळ वाटणार. जगवर जितक्या कपांची खूण असेल त्याच्या निम्मंच पाणी घाला, पावडर पूर्ण. पाणी पहिल्यापासून कमी ठेवलंत तर डिकॉक्शन पितळी फिल्टरच्या जवळ जातं. आणि पितळी फिल्टर माळ्यावर टाकू नका. तो घट्ट बसतो कारण खालच्या भांड्यातली गरम हवा निवली की वरचं आत ओढलं जातं. डिकॉक्शन रात्री घालून ठेवलं तर सकाळी भांडं थंड असतं, तेव्हा घरातल्या कोणीही तरण्या हाताने ते सोडवून द्यावं. रविवारी त्यांना तीच कॉफी प्यावीशी वाटली तर तेवढी सोय राहू द्या.

पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघत जा. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, आणि काही पाकिटं नेमकी तिथेच थांबतात. ७०:३० आवडत असेल तर एकदा ८०:२० आणून बघा. ड्रिपमध्ये मला ते जास्त आवडतं.

सकाळची_लोकल:

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. रात्री हे सगळं आईंना वाचून दाखवलं. त्या मशीनची जाळी बुजल्याची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "बघ, मी सांगत नव्हते, चिकोरीला मोकळं पाणी लागतं." एक शंका: दूध मी पिशवीचं, मलईवालं घेते आणि आल्या आल्या तापवते. पुढे मशीन घेतलं तर वाफेने फेस करायला हेच चालेल का? आणि दाणे महिन्याला किती लागतील?

पान्हा_पक्कड:

पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलंच असतं, फेसासाठी न तापवता फ्रीजमधलं गारेगार घ्या. गार असलं की वाफ खेळवायला वेळ मिळतो. साठ-पासष्ट अंशांना थांबायचं, म्हणजे स्टीलच्या जगला तळहात टेकवून ठेवणं अशक्य झालं की बंद. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. म्हशीचं सुटं दूध असेल तर मात्र आधी तापवा, गार करा, साय काढा, मग वापरा.

दाण्यांचा हिशेब: एका वेळेला १४ ग्रॅम धरा. तुम्ही एकदा, साहेब दोनदा, म्हणजे दिवसाला ४२ ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो. पाव किलोची पाच पाकिटं. मी घेतो ती ५५० ला पडतात, म्हणजे २७५० रुपये महिना. मशीन एकदाच घ्यायचं असतं, हे दर महिन्याला आहे, म्हणून आधी सांगितलं. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली असेल तेच घ्या आणि एका वेळी एकच पाकीट उघडा.

सकाळची_लोकल:

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. ड्रिप मेकर, हातग्राइंडर, तीन कपांचा स्टीलचा मोका पॉट आणि एक छोटा वजनकाटा घेतला. २५ मधले निम्म्याहून जास्त अजून शिल्लक आहेत.

ड्रिपचं पहिलं डिकॉक्शन आईंनी एक घोट घेऊन खाली ठेवलं. निम्म्या पाण्याची युक्ती केली, ८०:२० ची पावडर आणली, आणि चौथ्या दिवशी त्यांनी न बोलता दुसरा पेला भरून घेतला. आता पाणी आणि पावडर त्या रात्रीच घालून ठेवतात, सकाळी डाव्या हाताने बटण दाबतात. जगमधून डिकॉक्शन पेल्यात, मग वाटीत, वाटीतून परत पेल्यात, फेस येईपर्यंत. ते ओतणं मात्र उजव्या हातानेच चालतं.

माझं माहेर अमरावतीचं. शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती तेव्हा झुडपांवर लाल फळं बघितली होती, गुरुजी म्हणाले होते ही कॉफी. ग्राइंडर फिरवताना रोज ती आठवतात. गेल्या आठवड्यात नवऱ्याला हे सांगितलं तर त्याला महाराष्ट्रात कॉफी होते हेच माहीत नव्हतं. मेमध्ये दोघं जाऊन बघणार आहोत.

अडचण एकच: मोका पॉटची कॉफी दुधात छान लागते, पण नवऱ्याची काळी कधी फार कडू होते, कधी बरी. काय चुकतंय?

पान्हा_पक्कड:

खालच्या भांड्यात पाणी उकळतं घाला, झडपेच्या खालपर्यंतच. भांडं तापेल, फडक्याने धरून फिरवा, आणि हे काम आईंना देऊ नका. चाळणीत कॉफी भरा पण दाबू नका. गॅस सगळ्यात बारीक, झाकण उघडं. धार काळीची पिवळट झाली आणि खरखर सुरू झाली की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. कडूपणा बहुतेक त्या शेवटच्या खरखरीतूनच येतो. तरी कडू लागली तर ग्राइंडर दोन टिचक्या जाड करा. आंबट लागली तर दोन टिचक्या बारीक. एका दिवशी एकच गोष्ट बदला, आणि वजन तेच ठेवा.