[मंडळ-सर्व] बुधवारी पिचिंग कोण करणार? आज रात्रीपर्यंत सांगा

निखिल

मंडळी,
बुधवारची तेलुगू मंडळाबरोबरची मुलांची बेसबॉल मॅच पक्की. वेळ संध्याकाळची, मैदान तेच. पोरं पुरेशी झालीत, बॉल टाकायला पिचर नाही. आर्यन आहे, पण तो शनिवारी लीगमध्ये टाकून आलाय. अश्विनी, त्याने किती पिच म्हणजे बॉल टाकले तो काउंट तुझ्या वहीत असेलच. बुधवारी चालेल की नाही एवढंच सांग, आज रात्री त्यांना लाइनअप पाठवायचीय. मागच्या वेळसारखी ऐनवेळी धावाधाव नको.

अश्विनी

आर्यन: 68.
लिटल लीगच्या (आपली मुलांची बेसबॉल लीग) तक्त्यात 14 वर्षांपर्यंतच्यांना 66 किंवा जास्त पिच झाले की चार दिवस सुट्टी. रवि, सोम, मंगळ, बुध. तो गुरुवारी मोकळा होतो.

संदीप (आर्यनचा बाबा)

अश्विनी, एक मिनिट. शेवटचा बॅटर उभा राहिला तेव्हा 63 झाले होते. त्याला पाच टाकले, तो आउट झाला आणि कोचने लगेच आर्यनला काढलं. एका बॅटरला टाकताना टप्पा ओलांडला गेला आणि पुढच्या बॅटरला एकही टाकला नाही, तर आधीचाच टप्पा धरतात. म्हणजे 51 ते 65 चा. तीन दिवस. बुधवारी मोकळा.

अश्विनी

> आधीचाच टप्पा धरतात

मला नियम माहीत आहे. निखिलने काउंट विचारला, मी काउंट सांगितला. पडले 68 च.
63 वर नवीन बॅटर आला हे वहीत आहे. त्यामुळे कागदावर तीन दिवस, बरोबर. पण ही सवलत त्या बॅटरचा डाव मध्येच तुटू नये म्हणून दिलेली आहे. कोपराला ती कोणी कळवलेली नाही.

उषाताई (सचिव)

नमस्कार. ही यादी सर्व सभासदांची आहे. क्रीडा समितीने आपसातले हिशेब आपल्या यादीवर करावेत ही विनंती मी याआधीही केलेली आहे. शिवाय ही मॅच मुलांची आहे, म्हणजे ती युवा समितीकडे यायला हवी होती. युवा समितीला कोणी विचारलं का?

निखिल

उषाताई, युवा समिती म्हणजे मीच आणि मृणाल. मृणाल, तुला विचारलं असं धर.

शरद काका

हे सगळं वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी कॅप्टन हातात चेंडू द्यायचा तो लंचपर्यंत परत मागायचा नाही. दिवसात वीस-वीस ओव्हर टाकल्यात, कोणी मोजल्या नाहीत आणि खांदा आजही शाबूत आहे. बारा वर्षांचं पोर 68 चेंडू टाकून दमतं? 68 म्हणजे साडेअकरा ओव्हरसुद्धा होत नाहीत. जरा जास्तच जपतो आपण मुलांना.

मृणाल

काका, तुमचा खांदा शाबूत आहे याचा आनंदच आहे, पण तुमच्याबरोबर टाकणाऱ्या सगळ्यांचे होते का? ज्यांचे गेले ते खेळ सोडून गेले, ते आज सांगायला या यादीवर नाहीत.

आणि ओव्हरचा हिशेब इथे लागू होत नाही. क्रिकेटमध्ये हात जवळजवळ सरळ ठेवून फिरवायचा असतो, कोपर 15 अंशांपलीकडे सरळ झालं तर आयसीसी बोलिंगवरच बंदी घालते. त्यामुळे फास्ट बोलरचं दुखणं कंबरेत उतरतं. डेनिस लिलीच्या पाठीला 1973 मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, बुमराहचंही दुखणं पाठीचंच. पिचर तोच जोर कोपर वाकवून काढतो. पाय पुढे पडतो, कंबर वळते, छाती वळते, आणि हात मात्र अजून मागेच असतो, तळवा आकाशाकडे. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडायला बघते. तिला धरून ठेवतो तो आतला लिगामेंट आणि त्यावरचे स्नायू. स्नायू दमले की सगळा भार लिगामेंटवर.

मोठ्या माणसात तो लिगामेंट झिजतो किंवा तुटतो. बारा वर्षांच्या मुलात लिगामेंटपेक्षा कच्ची जागा म्हणजे हाडाची वाढीची पट्टी, ग्रोथ प्लेट. आधी ती ओढली जाते. 'लिटल लीग एल्बो' म्हणतात ते हेच. खांद्यातही तसंच होतं, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला.

निखिल, युवा समितीतर्फे माझं उत्तर: त्याचा हात कसा आहे हे आर्यनलाच विचारा. तीन दिवस की चार, ते नंतर बघू.

केतन

मृणालच्या माहितीत थोडी भर. जपानमध्ये कोशिएनला, म्हणजे हायस्कूलच्या बेसबॉल स्पर्धेला, एकेक पोरगा अख्खी स्पर्धा एकट्याच्या हातावर न्यायचा. 2013 च्या वसंतातल्या स्पर्धेत आन्राकू नावाच्या 16 वर्षांच्या पिचरने 772 टाकले. तिथेसुद्धा 2020 पासून आठवड्याला 500 ची मर्यादा आली. म्हणजे शरद काकांसारखे काका तिकडेही भरपूर असणार.

शरद काका

केतन, 500 ची मर्यादा! आणि इथे 68 वर एवढ्या मेल. असो. लिलीचं मात्र खरं आहे. तो परत आला तो ॲक्शन सुधारून. तेव्हा ॲक्शनचं बघा की. नुसतं मोजून काय होणार?

हर्षद

शरद काकांशी सहमत, मेकॅनिक्स महत्त्वाचं. आमच्या ट्रॅव्हल टीमचे (लीगबाहेरची, गावोगावी जाऊन खेळणारी टीम) कोच तेच करून घेतात. रडार गन लावून प्रत्येक पिचचा वेग लिहितात, नेहमीपेक्षा जड बॉल टाकायचा प्रोग्रॅमही आहे. आर्यनचा वेग या सीझनला चांगलाच वाढलाय. संदीप, उद्या बुलपेनला, पिचिंगच्या सरावाला, आणतोयस ना त्याला? कोच कर्व्ह (वळणारा बॉल) सुरू करणार आहेत.

अश्विनी

उद्या म्हणजे सोमवारी? कुठलं बुलपेन?

संदीप

अगं हलकंच असतं. पंचवीस-तीस पिच. मॅच नाही, त्यामुळे काउंटमध्ये येत नाही.

अश्विनी

माझ्या काउंटमध्ये येत नाही, कारण माझी वही लीगची आहे. ट्रॅव्हलवाल्यांची वही वेगळी, आणि मंडळाच्या मॅचला तर वहीच नसते. मी प्रत्येक शनिवारी मान खाली घालून एकेक रेघ मारते, आणि तीच पोरं सोमवारी दुसरीकडे जाऊन टाकतात. मग माझ्या रेघांना अर्थ काय? हात तीन आहेत का त्यांना?

शनिवारी वॉर्मअपमध्ये किती टाकले तेही कुठे लिहिलेलं नाही. इनिंग सुरू होताना टाकतात तेही नाही. आणि हो, तिसऱ्या इनिंगपर्यंत तो कॅचर होता. चार इनिंग कॅचिंग केलं की त्या दिवशी पिचिंग बंद, म्हणून कोचने बरोबर तिसरीनंतर बदललं. नियमात बसतं. कॅचरसुद्धा प्रत्येक पिच परत फेकतो हे मात्र कोणी मोजत नाही.

मृणाल

अश्विनीचं अगदी बरोबर. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचरांवर 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला. मॅचच्या दिवशी टाकलेल्या पिचांपैकी सुमारे 42 टक्के कुठल्याच काउंटमध्ये नव्हते. वॉर्मअप, बुलपेन, सगळं मोजणीबाहेर.

हर्षद, तुझ्या तिन्ही मुद्द्यांवर.

जड बॉल: 13 ते 18 वयाच्या मुलांना सहा आठवडे तो प्रोग्रॅम दिला. वेग थोडा वाढला, आणि प्रोग्रॅममधल्या 24 टक्के मुलांना कोपराची दुखापत झाली. आर्यन 13 चासुद्धा नाही. हे बंद करा, यावर मी वाद घालणार नाही.

रडार गन: वेग हीच जोखीम आहे. गन समोर धरली की मूल प्रत्येक पिच जीव तोडून टाकतं. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या तरुण पिचरांसाठीच्या सूचनाही गन टाळा असंच सांगतात.

कर्व्ह: इथे माझं मत जरा वेगळं आहे. कर्व्हने कोपर जातं हे सगळेच म्हणतात. लॅबमध्ये मोजलं तेव्हा मात्र कोपरावरचा ताण फास्टबॉलमध्ये कर्व्हपेक्षा जास्त निघाला. उलट 2002 च्या एका अभ्यासात 9 ते 14 च्या मुलांमध्ये कर्व्ह टाकणाऱ्यांना खांदेदुखी आणि स्लायडर (जोरात टाकलेला, शेवटी वळणारा बॉल) टाकणाऱ्यांना कोपरदुखी जास्त दिसली. त्यामुळे आधी फास्टबॉल आणि चेंजअप (त्याच ॲक्शनने टाकलेला हळू बॉल) नीट येऊ दे, मग कर्व्ह. पण कर्व्ह नाही म्हणून वर्षभर फास्टबॉल कुटायचा, यानेही हात वाचत नाही.

हर्षद

मृणाल, अभ्यास कुठलेही काढता येतात. प्रोमध्ये सगळेच जोरात टाकतात. आणि आता टॉमी जॉन सर्जरीनंतर (कोपरातला लिगामेंट नवा बसवतात ती) पिचर आधीपेक्षा फास्ट टाकतात असंही ऐकलंय. काही आईबाप तर आधीच करून घेतात म्हणे.

केतन

हर्षद, असं यादीवर लिहू नकोस बाबा, कोणीतरी मनावर घेईल.
टॉमी जॉनचं ऑपरेशन 1974 चं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. जमेल याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. 1975 चा अख्खा सीझन बाहेर बसून तो 1976 मध्ये परत आला आणि पुढे 164 मॅच जिंकला. हे सगळे सांगतात. ऑपरेशन होऊनही परत न आलेल्यांची नावं कोणाच्या लक्षात राहात नाहीत.

मृणाल

वेग वाढला तर तो ऑपरेशनने वाढत नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष शिस्तीत पाय, पाठ, खांदा यांचा व्यायाम होतो, त्याने वाढतो. तोच व्यायाम आधी केला तर चिरफाड टळण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिलं एका पायावर उभं राहून हळूच खाली बसायला सांगते. गुडघा आत पडतो, कंबर तिरकी होते, आणि आईबाप विचारतात, अहो, दुखतंय कोपर, तुम्ही पाय काय बघताय? जोर पायातून आणि कंबरेतून वर येतो. तिथे कमी पडला की तो हातातून काढावा लागतो.

दुसरं बघते ते झोपवून खांदा आतल्या बाजूला किती वळतो. टाकून टाकून तो आखडतो. दुसऱ्या हातापेक्षा बराच कमी वळत असेल तर आधी ते सोडवायचं, मग पुढचं बोलायचं.

उषाताई (सचिव)

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण विषय 'बुधवारी पिचिंग कोण करणार' असा आहे. बुधवारी पिचिंग कोण करणार?

रेवती (आर्यनची आई)

आर्यन करणार नाही.

दोन दिवस मी गप्प बघतेय. शनिवारी रात्रीपासून तो दप्तर डाव्या खांद्याला लावतोय, आणि टीव्ही बघताना उजव्या कोपराची आतली बाजू अंगठ्याने दाबत बसतो. विचारलं तर म्हणतो, दुखत नाहीये, जड वाटतंय. शेवटच्या इनिंगला त्याचे बॉल वर जायला लागले होते आणि प्रत्येक पिचनंतर तो हात झटकत होता. बाकावरून मला दिसत होतं. बाबांना 63 दिसले.

संदीप, हे घरीही बोललोय, इथेही लिहिते. सोमवारचं बुलपेन नाही, बुधवारची मॅच नाही.

संदीप

बरं.

मृणाल

रेवती, छान केलंस. 'जड वाटतंय' हे वाक्य मुलं दुखण्याच्या आधी बोलतात. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी 2006 मध्ये ऑपरेशन झालेले आणि न झालेले तरुण पिचर ताडून पाहिले. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणारे ऑपरेशनवाल्यांत असण्याची शक्यता 5 पट, मॅचला सरासरी 80 च्या वर टाकणारे 4 पट, आणि दमलेल्या हाताने नेहमी टाकत राहिलेले 36 पट. अभ्यास लहान होता, त्यामुळे 36 हा आकडा फार ताणू नये, पण सगळ्यात मोठा धोका कुठला हे त्यातून कळतं. म्हणूनच वर्षात निदान चार महिने हात पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग.

आत्ता फेकणं थांबवा. आतल्या हाडावर बोट ठेवून दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढतील. वेदनाशामक देऊन खेळवू नका, गोळीने फक्त इशारा बंद होतो. माझ्याकडे कधीही आण, मंडळाचा मुलगा आहे.

निखिल

ठीक. आर्यनला कॅचर ठेवू का मग?

मृणाल

निखिल!! वर अश्विनीने काय लिहिलंय?

निखिल

बरं बरं. आर्यन स्कोअरला. पिचर कोण?

अश्विनी

स्कोअर मी लिहिते. आर्यन माझ्या शेजारी बसून क्लिकर दाबेल.

सईने शनिवारी 19 टाकले. 20 पर्यंत सुट्टी लागत नाही, आणि ती दुसऱ्या कुठल्या टीमला जात नाही, मी तिच्या आईला विचारून घेतलंय. ओमने टाकलेच नाहीत. ईशानने महिनाभर टाकलेले नाहीत, त्याला एकदम 40 देऊ नका. सई 35, ओम 35, ईशान 20, उरलं तर बघू. 35 च्या वर कोणी नाही, म्हणजे एका दिवसाच्या सुट्टीत शुक्रवारची लीग सगळ्यांना मोकळी. वॉर्मअपचेही मोजणार.

आणि ज्यांची मुलं दुसरीकडे टाकतात त्यांनी दर रविवारी आकडा मला कळवा. वही एकच राहील, माझ्याकडे.

हर्षद

ट्रॅव्हलचे आकडे कोचच्या परवानगीशिवाय देता येतील का, बघावं लागेल.

अश्विनी

आकडा मुलाचा आहे, कोचचा नाही.

शरद काका

सई म्हणजे आपल्या वैद्यांची नात ना? टाकते का ती? उत्तम. बुधवारी मी येतोय. मला एक क्लिकर द्या, मीही मोजतो, बघू अश्विनीशी जुळतंय का.

उषाताई (सचिव)

क्लिकर मंडळाच्या कपाटात दोन आहेत, नोंद करून न्यावेत. मागच्या वेळी नेलेला एक अद्याप परत आलेला नाही.

केतन

मॅच सहाला की साडेसहाला? पहिल्या मेलमध्ये नुसतं 'संध्याकाळ' आहे.