मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात ॲक्रिलिक की गॉश (पाण्यात कालवायचा, खालचं झाकणारा अपारदर्शक रंग)?

चार महिने झाले, ब्रश हातात घेतला की डोकं ब्लँक. म्हणून रोज १५ मिनिटं टायमर लावून समोर दिसेल ते काढतेय, कूलर, चहाचा गंज, गच्चीवरचे सांडगे, आणि पेन्सिलने जमतंय बरं का. अडतं ते रंगात. घरी ॲक्रिलिक आहे, पण मे महिन्यात इथे ४४-४५ डिग्री, पॅलेटवर काढला की जरा वेळात वरती साय धरते, खाली ओला टिश्यू नि त्यावर बटर पेपर ठेवून बघितलं, पाण्याचा स्प्रे मारला, थोडा फरक पडला पण पंखा बंद करून बसणं काही शक्य नाही.

ऑइल नको, एकच खोली आणि लहान मुलगी, टर्पेंटाइनचा वास चालणार नाही. वॉटरकलरमध्ये चूक झाकता येत नाही, आणि चुकायची भीती हाच तर माझा अर्धा ब्लॉक आहे.

म्हणून गॉशकडे वळावं म्हणते, वाळला तरी पाण्याने परत ओला होतो ना. ३०० जीएसएमचा जाड पेपर आणि सिंथेटिक ब्रश आहेत, बजेट १५००, सीताबर्डीत मिळालं तर बरं, ऑनलाइनही चालेल.

सेट न घेता ५-६ ट्यूबच घ्यायच्या तर कोणते रंग घेऊ? आणि वरून दुसरा थर देताना खालचा उखडून चिखल होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?