अकरावीचा फॉर्म भरताना तुमच्या शेजारी कोण होतं?

गोदाकाठची
काल नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पुढे एक काका, हातातल्या पिशवीत मुलीचे कागद. दुकानातल्या पोराला विचारत होते, "पसंतीक्रम म्हणजे काय लिहायचं रे?" दुकानात ही गर्दी, पोराला मान वर करायला फुरसत नाही. मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

मला एकदम माझे वडील आठवले. १९९४. दिंडोरीहून पहिल्या एसटीने आलो, दोन तास रांगेत उभे राहिलो आणि खिडकीतून फॉर्म परत आला. प्रती साक्षांकित नाहीत म्हणून. वडिलांना 'साक्षांकित' हा शब्दच कळला नव्हता. तिथल्याच एका अनोळखी सरांनी कट्ट्यावर बसून सगळ्या प्रतींवर सह्या केल्या, स्वतःचं पेन मला दिलं आणि म्हणाले, "आता तू भर, मी बघतो." पुढच्या खेपेला वडील त्यांच्यासाठी घरचे आंबे घेऊन गेले, पण सर भेटले नाहीत. नावही विचारायचं राहून गेलं होतं.

काल मी त्या काकांबरोबर दुकानाच्या पायरीवरच बसले. भाग एक म्हणजे आपली माहिती, भाग दोन म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजं. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. मुलीला विचारलं, तुला काय आवडतं? म्हणाली, हिशेब. कुणी आधी विचारलंच नव्हतं बहुतेक.

तुमच्या वेळी कोण बसलं होतं शेजारी? आणि तुम्ही कुणाच्या शेजारी बसलात? लिहा.

सिडकोकर
पहिला पसंतीक्रम!! हे मोठ्या अक्षरात लिहा कुठेतरी. शेजारच्या पोराने मित्रांचं बघून कॉलेज रोडचं कॉलेज एक नंबरला टाकलं. घर अंबडला. लागलं पहिल्याच फेरीत. एक नंबरचं लागलं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दोन वर्षं दोन-दोन बस बदलून गेला बिचारा. मी त्या दिवशी घरीच होतो, एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. अजून रुखरुख लागते.

निफाडहून
आमचं नॉन क्रिमीलेयरचं झालं, म्हणजे आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याचं. पोरीची बारावी, इंजिनिअरिंगची कॅप, म्हणजे सगळ्या कॉलेजांची मिळून एकच प्रवेशप्रक्रिया. माझ्याकडे दाखला होता, मी निर्धास्त. तो प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो हे कागद तपासताना कळलं. माझा आधीच संपलेला. द्राक्षाचा हंगाम आटोपेपर्यंत आम्हाला तहसीलचं तोंड दिसत नाही, मग दाखल्यांच्या सेतू केंद्रावर सगळा तालुका एकदम. दाखला वेळेत आला नाही, पोरगी खुल्यातून गेली आणि हवी ती शाखा हुकली. ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता गावात कुणाचं पोरगं दहावी-बारावीला असलं की मी जानेवारीतच विचारतो, दाखल्याची तारीख बघितली का.

गोदाकाठची
@निफाडहून दादा, तुम्ही जानेवारीत विचारता हे फार मोलाचं आहे. मुलीचं पुढे कसं झालं?

निफाडहून
बरं चाललंय ताई. तिसऱ्या वर्षाला आहे. आवडायला लागली आता तीच शाखा.

निवृत्त बाई
मी सुरगाण्याकडे आश्रमशाळेत होते. तिकडची अडचण वेगळीच. फॉर्म भरायला बसलं की ओटीपी. मोबाईल घरात एकच, तो बापाकडे, आणि बाप दिंडोरीच्या बागेत मजुरीला. बापाला वाचता येत नाही. मग आम्ही इकडून फोन करायचा, तो बागेत शिकलेलं कोणी शोधणार, ते माणूस आकडे वाचणार, तोवर ओटीपीची वेळ संपलेली. परत नवीन. एका मुलीचं सलग तीनदा असं झालं. चौथ्या वेळी तिनेच युक्ती काढली. म्हणाली, "बाबा, आकडे वाचू नका, चित्र सांगा. अंड्यासारखं दिसतं का? काठीसारखं आहे का?" शून्य, एक असे करत सहाही आकडे बापाने सांगितले. वर्गात टाळ्या वाजल्या हो! त्यानंतर मी प्रत्येक मुलाला सांगायचे, फॉर्मला नंबर द्यायचा तर जो फोन जून-जुलैत हाताशी असेल त्याचाच द्या.

ती मुलगी नर्सिंगला गेली. फोन येतो कधीमधी. बापाला आता आकडे येतात, तिनेच शिकवले.

माहेर करंजाळी
बाई, डोळे भरून आले. पेठलाही होतात का कधी? माझी थोरली बहीण आश्रमशाळेतच शिकली.

निवृत्त बाई
पेठला दोन वर्षं होते ग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, कोणती बॅच ते बघू.

घाईत आहे
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. मुलींच्या फीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून हवा. माझी नणंद भाचीसाठी व्यवस्थापन कोट्यात पैसे भरायला निघाली होती, कॅपच्या फेऱ्या बाकी असताना! मी रात्री साडेदहाला गंगापूर रोडला तिच्या घरी जाऊन बसले. थांबली. दुसऱ्या फेरीत लागलं. हॉस्टेल, मेसचा खर्च आहेच, पण केवढा भार हलका झाला.

सातपूरचा
सगळे केटीएचएम कॉलेज की आरवायके कॉलेज एवढंच विचारतात. माझ्या मुलाला आयटीआयलाच जायचं होतं, इलेक्ट्रिशियन. दहावीला ७८ टक्के. नातेवाईक म्हणाले एवढे मार्क असून आयटीआय? मीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू. त्याच्या वर्गशिक्षकांनी मला शाळेत बोलावलं आणि त्याने बनवलेला पंपाचा स्टार्टर पॅनल समोर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. फॉर्म मी स्वतः भरला. नंतर तो डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. आज कंपनीत मेंटेनन्स बघतो.

सिडकोकर
@सातपूरचा काका, त्या सरांना माझा नमस्कार सांगा.

नुकतीच बारावी
माझी कॅप गेल्या वर्षी, २०२५ ला झाली. पहिल्या फेरीत एक नंबरचं लागलं तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच घ्यायची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं, तिसरीत पहिल्या सहातलं. मला ताईने यादी कागदावर लिहायला लावली आणि प्रत्येक कॉलेजपुढे विचारलं, हे लागलं तर रडशील का? रडेन म्हटलं की खाली सरकवायचं. चार कॉलेजं खाली गेली. खूप कामाला आलं. यंदा फॉर्म भरण्याआधी नवीन नियम वाचा मात्र, बदलतात.

माहेर करंजाळी
बाई, व्यनि केलाय. बहीण तुमच्याच वर्गात होती!!! तिला फोन लावते आत्ताच.

गोदाकाठची
किती लिहिलंत सगळ्यांनी. काल त्या काकांना आणखी दोन मुलींच्या बापांचे फोन आले म्हणे, त्यांनाही भेटायचंय. रविवारी सकाळी दहाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसू या का, पंचवटीत? ज्यांना जमेल त्यांनी लॅपटॉप आणा. प्रिंटर कुणाकडे आहे?

सातपूरचा
माझ्याकडे. शाई संपली आहे, शनिवारी भरून ठेवतो.

घाईत आहे
मी पोहे आणते. किती जणांचे?