दातखीळ, कानशील आणि कानापुढचा सांधा

विचारणा
दातांच्या दवाखान्यासाठी एका पत्रकाचं मराठी करतेय. जबड्याचा सांधा आणि चावण्याचे चार स्नायू, असं चित्र आहे. 'हनुसंधी', 'शंखक' हे शब्द हाताशी आहेत, पण 'शंखक' वाचून पेशंट काय समजणार? आणि तोंड उघडत नाही त्याला 'दातखीळ' चालेल का?

प्रतिसाद
शंखकाला सरळ 'कानशिलाचा स्नायू' म्हणा. कानशिलात लगावली की हात बहुतेक गालावरच पडतो, म्हणून अनेकांना कानशील म्हणजे गाल वाटतो. ते आहे डोळा आणि कान यांच्या मधलं. तिथे बोटं टेकवून दाढा आवळा, खालून काहीतरी टणक वर येतं. तोच तो.

जबड्याच्या कोपऱ्यावर फुगतो त्याला मात्र 'गालाचा स्नायू' म्हणू नका. गालाचा वेगळा, फुंकर मारायचा. उरलेले दोन जबड्याच्या आतल्या अंगाला आहेत. बाहेरून हाताला लागत नाहीत, म्हणून बोलीत त्यांना नाव नसावं.

प्रतिसाद
मी दंतवैद्य आहे. दातखीळ जपून वापरा. खीळ बसते ती स्नायू आवळले गेल्यावर. धनुर्वातात बसते, अक्कलदाढेला सूज आली तरी तोंड उघडेनासं होतं. पण आमच्याकडे गुटखा-सुपारीवाले येतात, तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत. तिथे स्नायूंचा दोष नसतो, गालाच्या आतलं अस्तरच चिवट होऊन आखडतं. त्यांना 'दातखीळ' सांगितलं की घरचे धनुर्वाताचं इंजेक्शन द्या म्हणतात!

याच्या नेमकं उलट म्हणजे जबडा निखळणं. मोठ्ठी जांभई दिली, जबड्याचं डोकं, म्हणजे हाडाचं सांध्यातलं गोल टोक, खोबणीपुढचा उंचवटा ओलांडून गेलं, आणि स्नायूंनी तिथेच आवळून धरलं. तोंड उघडं ते उघडंच. म्हणून बसवताना आधी खाली दाबायचं, मग मागे ढकलायचं. नुसतं मागे रेटून उपयोग नाही.

प्रतिसाद
'हनुसंधी' टाकून देऊ नका हो. सुश्रुतसंहितेत हा सांधा सुटला तर हाडं जागेवर आणून, शेकून, 'पंचांगी' पट्टी बांधायला सांगितलंय. हनु म्हणजे अख्खा जबडा; आपल्याकडे ती आक्रसत हनुवटीपुरती उरली, एवढंच.

विचारणा करणारीकडून
पेशंट 'कानाजवळ कट्ट वाजतं' असंच सांगतात ना? मग ठळक अक्षरात 'कानापुढचा सांधा' आणि कंसात हनुसंधी. आतल्या कुर्चेला 'गादी' लिहू की 'चकती'?

प्रतिसाद (दंतवैद्य)
चकती. पेशंटला मणक्यातली ठाऊक असते. ती पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना डोकं तिच्याखाली परत शिरतं, तेव्हा बहुतेकदा तो कट्ट येतो. दुखत नसेल तर आम्ही सहसा हात लावत नाही.

प्रतिसाद
आमच्या आजीकडे या सगळ्याला एकच शब्द होता, जाभाड. 'जाभाड मिट आधी, मग बोल.' पत्रकात नका घालू.