सेंद्रिय खायचंय, पण खिशाला झेपेल असं: तुमचे अनुभव सांगा

नवऱ्याची साखर वाढली म्हणून मी उत्साहाने मॉलमधून सगळा किराणा सेंद्रिय भरला. बिल बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात आमचे दोन महिने निघायचे." घराचा हप्ता, मुलांच्या फिया सांभाळून मुंबईत तुम्ही हे कसं जमवता? कुठे फसलात तेही लिहा.

गिरगावकर
आमच्याकडे आईच्या काळापासून मुंबई ग्राहक पंचायत. 1975 ची संस्था. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची यादी एकत्र भरायची, सामान एकाच घरी उतरतं आणि तिथे ज्याचं त्याने मोजून न्यायचं. सगळं सेंद्रिय नसतं, पण निवडकं असतं. लहानपणी पिशव्या घेऊन जिन्यात उभं राहायची लाज वाटायची. पण धडा तोच गिरवलाय: आम्ही चार घरं मिळून वाडा तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ आणतो. टेम्पोचं भाडं चौघांत. ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात. दुकानातल्या 'वाडा कोलम'च्या पाटीवर माझा विश्वास नाही, एवढा तांदूळ एकटा वाडा तालुका पिकवेल कुठून?

सात बावन्नची लोकल
जून लागला की स्टेशनाबाहेर पालघर, कसाऱ्याकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, फोडशी, कंटोळी, सगळ्या रानभाज्या. टाकळ्याला कोण खत घालणार नि कोण फवारणार! कंटोळी महाग, बाकीचं वाट्यावर मिळतं. एकदा काकडं (शेवळांची खाज मारणारी रानफळं) न घालता शेवळं केली आणि सगळ्यांचे घसे खाजले. आता भाजीवाल्या मावशीच आधी विचारतात, "काकडं घेतलीस का गं?" रुळांच्या कडेचा पालक मात्र फुकट दिला तरी नको. त्याला पाणी कुठलं घालतात ते रोज खिडकीतून दिसतं.

दाणेकूट
घाण्याच्या तेलात मी वर्षभर फसले. 'लाकडी घाणा' अशी चिठ्ठी, आणि भाव रिफाइंडपेक्षा जेमतेम वीस रुपये जास्त. मग गावच्या घाणेवाल्याने हिशेब सांगितला: लिटरभर शेंगदाणा तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. पेंडीचे पैसे सुटतात, तरी दाण्याच्या भावाला अडीचने गुणून बघा. स्वस्तातलं घाण्याचं तेल होईलच कसं? आता खरं तेल थोडं आणते, फोडणी आणि चटणीपुरतं. तळण बंदच केलंय, तेवढेच पैसे वाचले.

रोखठोक
गोणपाटाच्या पिशवीला भुलू नका. पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रियचं सरकारी चिन्ह आहे का बघा. पीजीएस, म्हणजे गटाच्या हमीचं प्रमाणपत्र असेल, तर शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. त्यात 'ग्रीन' लिहिलं असेल तर जमीन अजून रासायनिकमधून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे, भावही त्याच मानाने द्या. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे कागद नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. तिथे प्रश्न विचारायचे. वांद्र्याच्या रविवारच्या बाजारात मी चिकार प्रश्न विचारले आणि पालेभाजीची एक जुडी घेऊन परतलो. भाव तसेच होते!

बिंबीसखी
2016 मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या, म्हणजे शेतकऱ्याला थेट विकता यायला लागलं, तेव्हापासून आमच्या भागात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. पहिल्याच दिवशी एका दादांना विचारलं, "सेंद्रिय आहे ना?" ते म्हणाले, "नाही ताई, फ्लॉवरवर दोनदा औषध मारलंय. दुधी घ्या, त्याला काही मारलं नाही." गेली काही वर्षं त्यांच्याकडूनच घेते. ते म्हणतील ते. फ्लॉवर आमच्याकडे हिवाळ्यातच होतो आणि मुलं कुरकुरतात, ते वेगळं.

(पुन्हा मीच)
मॉल बंद केला. नाचणी आणि ज्वारी साधीच आणते, तीही गिरणीतून समोर दळून. गिरगावकर, तुमच्या तांदळात पाचवं घर चालेल का? आम्ही मुलुंड पूर्वेला. सासूबाईंचं पत्र्याचं पिंप माळ्यावरून काढून ठेवलंय, पाला त्या स्वतः आणते म्हणतायत.