सेकंडहँड बोट : मीटरवर तास इतके कमी कसे?

नवखा_तांडेल : आउटबोर्ड इंजिनची (मागे बाहेरून लावलेलं) स्पीडबोट बघून आलो. जुनी आहे, पण अवरमीटरवर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) तास फारच कमी. विकणारा म्हणतो, "मुंबईत एवढीच चालते." खरं की थाप?

दर्याकाठ : खरं असू शकतं. पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली. तेव्हा मांडव्याच्या लाँचसुद्धा बंद असतात. राहिले शनिवार-रविवार, त्यातही लग्नं, पोरांच्या परीक्षा. गेटवेहून मांडवा स्पीडबोटीला साधारण अर्धा तास. तिथे नांगर टाकला की इंजिन बंद, डबे उघडा. मीटर पळणार कधी? चालवण्यापेक्षा धुण्यातच जास्त वेळ जातो, असं आमच्या घरचं मत आहे आणि ते मला खोडता येत नाही.

पण कमी तासांना भुलू नका राव. पडून राहिलेलं इंजिन जास्त छळतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, इम्पेलरची (इंजिन गार ठेवणारं पाणी खेचणारं चाक) रबरी पाती कडक होतात, गोड्या पाण्याने फ्लश केलं नसेल तर आत मीठ धरतं. म्हणूनच सर्व्हिस 100 तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. पावत्या मागा.

नवखा_तांडेल : मागितल्या. "मेकॅनिककडे आहेत" म्हणाला.

भाऊचा_धक्का : हं! मग बोट पाण्यात उतरवायला लावा. इंजिन गार असतानाच जा, आधी तापवून ठेवलेलं नको. सुरू झाल्यावर इंजिन गार करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून जोरात यायला हवी. नुसती ठिबकत असेल तर भाव पाडा, नाहीतर सरळ घरी या.